तुझं बाळ कुठंय?

जॉर्ज मूर या आयरिश लेखकाची 'एस्थर वॉटर्स' ही १८९४ सालची इंग्रजी कादंबरी गेल्या आठवड्यात संपवली. तेव्हापासून धड झोप नाही, म्हणून लिहितेय.

एस्थर वीस वर्षांची मोलकरीण. शर्यतीच्या घोड्यांपायी वेड्या झालेल्या एका बड्या घरात स्वयंपाकघरात हाताखाली राबते. वाचता येत नाही, त्याची तिला फार लाज वाटते. त्याच घरातल्या नोकरापासून दिवस जातात, तो दुसरीबरोबर निघून जातो, हिचं काम सुटतं. अशा गोष्टीतल्या मुलीला लेखक बहुतेक वेळा मारून मोकळे होतात. मूर तिला जगवतो. आणि जगायला काय काय लागतं, ते दाखवतो.

लंडनमध्ये बाळंत झाल्यावर तिला काम मिळतं ते एका श्रीमंत बाईच्या बाळाला अंगावर पाजायचं. स्वतःचा जॅकी मात्र पैसे घेऊन पोरं सांभाळणाऱ्या बाईकडे. ती बाई एक दिवस हळूच सुचवते, पाच पौंड दे, पोराची कटकट कायमची मिटेल. एस्थरला अर्थ कळतो. मग कानावर येतं की आधीच्या दोन दायांची बाळंही अशीच गेली. ती सरळ मालकिणीसमोर उभी राहते, तुमचं एक बाळ जगावं म्हणून गरिबांची दोन मेली, असं तोंडावर सांगते, आणि जॅकीला उचलून आणते. हातात काम नाही, पुढे थेट अनाथ-निराधारांचं वर्कहाउस. तरी आणते.

हे मूरने रंगवून सांगितलं असेल, असं वाटू देऊ नका. पैसे घेऊन तान्ही पोरं मारणाऱ्या अमेलिया डायरला लंडनमध्ये १८९६ साली फाशी झाली, म्हणजे पुस्तकानंतर दोनच वर्षांनी. आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या बड्या पुस्तकविक्रेत्याने दुकानात ठेवायला नकार दिला तो या कादंबरीला!

मालकिणीसमोरच्या त्या प्रसंगाशी मी थोडा वेळ पुस्तक मिटलं. माझी लेक पाच महिन्यांची असताना तिला सांभाळायला परभणीकडची एक मुलगी आमच्याकडे राहायला होती. तेवीस वर्षांची. एकदा लेक भुकेने कळवळून रडायला लागली आणि हिच्या ब्लाउजवर दोन ओले डाग उमटले. तिने पटकन पदर ओढून घेतला. मी म्हटलं, "जा, बदलून ये." तिने "हो ताई" म्हटलं आणि गेली. तिचं आठ महिन्यांचं पोर सासूजवळ गावाला होतं, मला माहीत होतं. ते काय पितं, कोण पाजतं, हे एकदाही विचारलं नाही. पगार वेळेवर दिला, दिवाळीला साडी दिली, आणि आपण चांगल्या वागतो असं समजत राहिले.

कादंबरीच्या शेवटी जॅकी सैनिक होऊन आईला भेटायला येतो. माझ्याकडे परभणीच्या त्या मुलीचा जुना नंबर आहे. काल लावला, लागला नाही. तिच्या भावाचा मिळतोय का बघतेय.