फुकट आहे? मग कुठल्या पक्षाचं?

वस्तीतल्या मैदानात पडदा बांधून ‘जय भीम कॉम्रेड’ ही डॉक्युमेंटरी फिल्म फुकट दाखवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. ‘कुठल्या पक्षाचं?’ अहो, कुठल्याच नाही. ‘मग पैसे कोण देतं?’ वर्गणी. ‘मग यंदा उभं कोण राहतंय?’ घ्या!

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली, त्या दुःखात शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला, त्याची ही फिल्म. आणि ती दाखवायची परवानगी मागायची कुठे, तर पोलीस ठाण्यात. साहेब बंदोबस्तावर आहेत, उद्या या. उद्या साहेबच नवे. ‘वादग्रस्त आहे का?’ हे अर्जाच्या कुठल्या रकान्यात भरायचं, तेवढं सांगा!

बरं, मिळाली परवानगी. मे महिन्यात साडेसातशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद, २००० सालापासूनचा नियम. फिल्म तीन तासांच्या घरातली. करा वजाबाकी! ऐन गाण्याच्या रंगात हवालदार येतो, ‘आवाज कमी करा.’ तेव्हाच शेजारच्या गल्लीत वरातीचा डीजे घरांचे पत्रे हलवत असतो. त्याला मात्र कुणी विचारत नाही, वादग्रस्त आहे का म्हणून.

आणि आपली मंडळी? सतरंज्या घालायला कुणी नाही, गुंडाळायला त्याहून नाही. जाता जाता जो तो: ‘दादा, लिंक पाठवा ना, घरी निवांत बघतो.’