दीड हात म्हणजे किती अँगस्ट्रॉम?

चवथीला पुण्याहून भाचा येतो तेव्हा घर भरतं, पण यंदा स्वारी अकरावीचं प्रोजेक्ट घेऊन आली, विषय काय तर अणूएवढी मापं आणि जुन्या काळची मापं एकमेकांत बदलून दाखवा. आता जुन्या मापांना आमच्याकडे मालवणात काय तोटा! आई फुलांचा वळेसार वितीने मोजते, रापणवाले मच्छीमार पाण्याची खोली वावेत सांगतात आणि गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, मूर्ती सांगताना 'नेहमीसारखी, दीड हात' एवढंच बोलायचं असतं. म्हटलं चला, अर्ध्या तासात उरकेल.

भाच्याने मोबाईलवर कन्व्हर्टर उघडला. त्यात अणू मोजायचा अँगस्ट्रॉम होता, त्याहून बारीक फर्मी होता, इजिप्तचा शाही हातपण होता, ५२ सेंटीमीटरच्या आसपासचा, म्हणजे फॅरोने गणपती मागवला असता तर त्याची सोय होती. आमचा हात काही त्यात नव्हता.

"मामा, हात म्हणजे किती?"

"कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत."

"कोणाच्या?"

झालं. टेप घेऊन पोरगं घरभर फिरलं, आजीचा हात, माझा हात, भटजी मुहूर्त सांगायला आले होते तर त्यांचाही हात, आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. शेवटी मी वैतागून १८ इंच धर म्हटलं. दीड हात झाला ६८.५८ सेंटीमीटर. एका सेंटीमीटरात १० कोटी अँगस्ट्रॉम, म्हणजे आमचा बाप्पा ६८५ कोटी ८० लाख अँगस्ट्रॉम उंच. हायड्रोजनचा अणू ढोबळमानाने एका अँगस्ट्रॉमएवढा, तेव्हा हवं तर तेवढे अणू एकावर एक रचा. रचणार कोण, ते विचारू नका.

मग स्वारी प्राचीन ग्रंथांकडे वळली. अर्थशास्त्रात कौटिल्य सांगतो, ८ परमाणू म्हणजे रथाच्या चाकाने उडालेल्या धुळीचा एक कण, तसल्या ८ कणांची लीख, ८ लिखांची ऊ, ८ उवांचा जवाचा मध्य आणि ८ जवांचं अंगुळ. इथे आईने स्वयंपाकघरातून आवाज दिला की चवथीच्या तोंडावर घरात उवा-लिखा कोण मोजतंय! २४ अंगुळांचा हात, तर दीड हातात ११,७९,६४८ परमाणू. कुठे ६८५ कोटी आणि कुठे हे! कौटिल्याचा परमाणू साधारण ५,८०० अँगस्ट्रॉमचा भरतो, म्हणजे पिवळ्या प्रकाशाच्या एका लहरीएवढा. योगायोग बघा, स्वीडनच्या अँगस्ट्रॉमने १८६८ साली सूर्यप्रकाशातल्या रेषा मोजल्या त्या असल्याच लहरी मोजायला, म्हणून तर एककाला त्याचं नाव.

ललितविस्तर ह्या बौद्ध ग्रंथात मात्र ८ ऐवजी ७, आणि पायऱ्या १०. तिथे एका अंगुळात २८,२४,७५,२४९ परमाणू बसतात, एकेक ०.६७ अँगस्ट्रॉमचा, हायड्रोजनपेक्षाही बारीक. भाचा खुर्चीवरून उठलाच. अरे बाबा, सातने दहा वेळा गुणलं की काहीतरी निघणारच, अणू कोणी पाहिला नव्हता तेव्हा. तरी संध्याकाळपर्यंत हे फॅमिली ग्रुपवर गेलंच, वर तीन झेंडे लावून.

ह्या सगळ्यात पुढचं फणसाचं दार पावसाने फुगून चौकटीत अडकलेलं, आणि उद्या त्यातूनच गणपती आत यायचा. सुतारकाका आले, दारावरून अंगठा फिरवला, म्हणाले, "सूतभर तासूक व्हया." भाच्याने लगेच सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३ कोटी १७ लाख ५० हजार अँगस्ट्रॉम, असं त्यांना ऐकवलं आणि विचारलं, नक्की तेवढेच काढणार ना?

काकांनी रंधा खाली ठेवला.

"बाबू, पावसात लाकूड फुगता, वैशाखात आकसता. तुझे अणू खंयच्या म्हयन्यात मोजलंस?"

भाच्याने वहीत महिन्यांचा नवीन कॉलम आखायला घेतला.