पफर बाऊलमध्ये ठेवू नका: फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सोबत हिरवट-पिवळ्या, काळ्या ठिपक्यांच्या चिमुकल्या माशाचा फोटो असतो. सांगितलेलं असतं ते थोडक्यात असं: हा पी पफर, वाटाण्याएवढा. चार लिटरच्या बाऊलमध्ये एक रोप आणि चिमूटभर मीठ टाकलं की झालं, फिल्टर लागत नाही. टाकीतल्या गोगलगायी खाऊन संपवतो, एरवी माशांच्या खाण्याचे दाणे टाकायचे. गप्पी या लांब शेपटीच्या लहान माशांसोबत सोडला तरी चालतो. मुलांना फुगवूनही दाखवता येतो.

मी सहा वर्षं हे मासे सांभाळतोय. यातला आकार खरा आहे आणि गोगलगायींचं अर्धं खरं आहे. बाकीचं वाचून कोणी मासा घरी आणला तर तो महिन्याभरात मरेल, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मीठ. पफर म्हटलं की समुद्र आठवतो, कारण त्याचे बहुतेक भाईबंद खाऱ्या किंवा मचूळ पाण्यातले. कोकणात जाळ्यात येणारा केंड त्याच घराण्यातला. हा मासा मात्र गोड्या पाण्याचा, आणि आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि नायर यांनी 1941 साली केरळातल्या पंपा नदीतल्या माशांवरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्रावणकोरचा म्हणून नाव ‘त्रावणकोरिकस’. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या संथ, झाडोऱ्याच्या पाण्यात तो राहतो. त्याला मिठाची गरज नाही, आणि मीठ वाढत गेलं तर टाकीतली रोपंच आधी सडतात. मिठाचा सल्ला बहुधा हिरव्या ठिपकेदार पफरवरून आला असावा. त्याची पिल्लं दुकानात याच आकाराची दिसतात, पण तो 15 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला मचूळ पाणी लागतं. विकत घेताना हा फरक नक्की विचारा.

आता बाऊल. मासा अडीच सेंटिमीटरचा, मग चार लिटर पाणी पुष्कळ झालं, असं कोणालाही वाटेल. पण पाणी लागतं ते नुसतं पोहायला नाही. पफर मांसाहारी आहे आणि सांडत खातो. अर्धवट चावलेले तुकडे तळाला पडतात, सडतात, त्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं त्यामानाने कमी घातक नायट्रेट करतात. फिल्टर नसलेल्या चार लिटरांत हे जिवाणू पुरेसे टिकत नाहीत, आणि एका ब्लडवर्मचा (माशांना घालतात त्या लाल अळीचा) तुकडा कुजला तरी पाणी विषारी होतं. त्यात या माशाच्या अंगावर इतर माशांसारखे खवले नाहीत. पाणी बिघडल्याचा आणि औषधाचा मारा दोन्ही त्याला लवकर लागतो.

एका पफरला निदान 20 लिटर, पुढच्या प्रत्येकाला 10-12 लिटर जास्त. एअर पंपवर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो, जोराचा प्रवाह त्याला आवडतही नाही. हे जिवाणू वाढावेत म्हणून टाकी मासा आणण्याआधी चार ते सहा आठवडे चालवून घ्यायची आणि अमोनिया-नायट्राइट शून्यावर आल्याचं किटने तपासायचं. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून. वॅलिसनेरिया, हायड्रिला, जावा मॉस दाट लावा. रोपांमुळे नजर तुटते, आणि हा मासा दुसऱ्याला सतत समोर पाहिला की भांडतो. नरांमध्ये तर फारच. मोठ्या नराच्या पोटावर गडद रेघ असते, डोळ्यांमागे सुरकुत्या. एका नरामागे दोन-तीन माद्या असल्या तर बरं. फक्त लहान वयात नर-मादी ओळखूच येत नाहीत, तेव्हा एक टाकी वेगळी लागू शकते हे आधीच धरून चाला.

दाण्यांच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली आहे, ती सांगतो. पहिला पफर आणला तेव्हा दुकानदाराने बारीक दाण्यांची डबी दिली. मासा दाण्यापाशी यायचा, एक डोळा फिरवून बघायचा (दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात) आणि निघून जायचा. दहाव्या दिवशी त्याचं पोट खपाटीला गेलं होतं आणि तो काचेला नाक लावून वरखाली करत होता. ब्लडवर्मच्या गोठवलेल्या वड्या आणल्या, पण उशीर झाला होता. हा हलणारं भक्ष्य बघून शिकार करणारा मासा आहे. डॅफ्निया आणि आर्टेमिया हे पाण्यातले बारीक जीव, डासांच्या अळ्या, ब्लडवर्म असं खाणं रोज मिळायला हवं. गोठवलेलं खाणं चिमट्याने हलवून दाखवलं की बहुतेक जण शिकतात. आणि बरेच पफर नदीतून पकडून आलेले असल्यामुळे पोटात जंत असतात. भरपूर खाऊनही पोट बसत गेलं तर जंताच्या औषधाचं विचारा.

गोगलगायींवर तो कसा जातो, हे खरंच बघण्यासारखं आहे. शेपटी वाकडी करून जागच्या जागी तरंगतो, कवचाबाहेर शिंगं यायची वाट बघतो, आणि कट्‌ करून एक घाव. दुसऱ्या दिवशी तळाला रिकामी कवचं. पण लहान पातळ कवचाच्या गोगलगायी संपल्या की त्याचं जेवणही संपतं, आणि जाड कवचाच्या त्याला फोडता येत नाहीत. टाकी साफ करायला तो आणू नका. उलट, त्याच्यासाठी वेगळ्या डब्यात गोगलगायी वाढवाव्या लागतात.

गप्पींबरोबर? नाही. लांब शेपटी दिसली की तो कुरतडतो, आणि कुरतडलेल्या जागी बुरशी लागते. त्याची टाकी त्याच्यापुरतीच ठेवा.

फुगवण्याचं वाचून मला राग आला. पफर घाबरला, जीव धोक्यात वाटला की पाणी गिळून फुगतो. जाळीत पकडून पाण्याबाहेर काढला तर हवा गिळतो, आणि ती त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. त्याला हलवायचं असेल तर पेल्यात पाण्यासकट घ्या. मुलांना दाखवायचा असेल तर संध्याकाळी खाणं टाकताना टाकीपाशी बसवा. तो काचेपाशी येऊन डोळे फिरवत त्यांच्याकडे बघतो.

आणि घरी नकोसा झाला म्हणून तलावात किंवा नदीत सोडू नका. जगभरच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. त्याला घ्यायला तयार असलेला दुसरा पाळणारा शोधा, ग्रुपवर विचारलं तर सहसा कोणीतरी मिळतो.