दीड तासाचं हैदराबाद

"नाशिक-हैदराबाद म्हणजे दीड तास रे," हे मी फोनवर भावाला इतक्या तोऱ्यात सांगितलं होतं की परवापासून ते आठवलं तरी कान तापतात.

अकराला पाथर्डी फाट्यावरून निघालो. द्वारकेची कोंडी, आडगाव, दहावा मैल, मग जानोरीचं टर्मिनल. विमान दोनचं. एक वाजता फलकावर नवी वेळ आली, पाच वीस. कारण विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ऑपरेशनल." आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की विमान मीच कुठेतरी दडवलंय.

शेजारी निफाडचे एक काका. पांढरी टोपी, मांडीवर स्टीलचा डबा, निघाले होते लेकीकडे. द्राक्षांची पिकअप पहाटे तीनलाच हैदराबादला रवाना केलेली. त्यांनी स्पीकर लावून फोन केला.

"कुठं आला रं?"

"उमरगा सोडलं, आण्णा."

काका माझ्याकडे वळले. "इमानाचं अंतर किती?"

"सरळ रेषेत पावणेसहाशे किलोमीटर," मी ऐटीत म्हणालो. "रस्त्यानं सातशेच्या आसपास."

"आन पळतं किती?"

"पंख्याचं असेल तर ताशी पाचशे."

"आमची गाडी पन्नासनं जाती," काका डब्याचं झाकण उघडत म्हणाले. "पण जाती."

साडेतीनला पुन्हा फोन. जहिराबाद. काकांनी मला थालीपीठ दिलं, बहुधा सांत्वनासाठी. मी त्यांना समजावत होतो की तिकिटावरचा दीड तास नुसता हवेतला नसतो, विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि तिकडे थांबलं की बंद. काका मान डोलवत होते, पोराची मार्कशीट बघताना बाप डोलवतो तशी.

बरं, ही धावपट्टी एचएएलची, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची. इथे सुखोई बनतात. आवाजाच्या वेगाला मागे टाकणारी विमानं ज्या गावात तयार होतात, तिथे मी चार तास प्लास्टिकच्या कपातला कोमट चहा पीत बसायचं! पूर्वी कसारा घाट उतरून मुंबईला जायचो तेव्हा निदान शिव्या द्यायला घाट तरी होता. इथे कोणाला देणार? ती मुलगी बिचारी पगारी. आणि फलकाला ऐकू येत नाही.

पाच वीसचे पावणेसहा झाले. बोर्डिंगच्या रांगेत काकांचा फोन वाजला.

"पोचलो, आण्णा. माल उतरवतोय."

अख्ख्या रांगेने ऐकलं. दोघंतिघं हसले. मी नाही हसलो.

शमशाबादला बाहेर पडलो तर काकांना न्यायला तीच पिकअप हजर. "चला सायेब, सोडतो. क्रेट रिकामे झालेत, मागं ऐसपैस जागा हाय."

नको म्हणालो. टॅक्सीचे अकराशे गेले.