साठीनंतर उपाशी राहा, असं वाग्भट सांगत नाहीत

एक मेसेज नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोच आहे. हास्यक्लब, पेन्शनर मंडळी, भजनी मंडळ, सगळीकडे तो पोचलाय. त्यातला मजकूर थोडक्यात असा : महर्षी वाग्भटांनी १३५ वर्षं जगून पोटाचे सात हजार नियम लिहिले. त्यांच्या मते साठीनंतर जठराग्नी विझत जातो, म्हणून दिवसातून एकदाच जेवा आणि आठवड्यातून एक दिवस काहीच खाऊ नका. सकाळी उपाशीपोटी गरम पाण्यात लिंबू आणि मध घ्या. दिवसाला चार लिटर पाणी प्या, पण जेवताना आणि जेवणानंतर तासभर पाणी म्हणजे विष. तूप-दूध बंद करा, मोड आलेली कच्ची कडधान्यं आणि सॅलड खा. फळं उपाशीपोटीच खा. आतड्याला चिकटलेला दहा किलो मळ निघावा म्हणून रोज रात्री पोट साफ करणारं चूर्ण घ्या. चाळीस दिवसांत बीपी-शुगरच्या गोळ्या सुटतील.

मी नागपूरच्या महाल भागात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. हा मेसेज पाळून वाळलेली, चक्कर येऊ लागलेली म्हातारी माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, घरात दोघंच, आणि फोनवर आलेलं सगळं शास्त्र वाटतं. आयुर्वेदाच्या नावावर त्यांना जे सांगितलं जातंय, ते बहुतेक ठिकाणी ग्रंथांच्या थेट उलट आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी वाग्भट, आयुर्वेदाचे जुने आचार्य. ‘अष्टांगहृदय’ हा त्यांचा ग्रंथ सहा स्थानांचा, म्हणजे विभागांचा, आणि १२० अध्यायांचा आहे. त्यात सात हजारांच्या आसपास श्लोक आहेत, आणि ते ज्वरापासून विषबाधेपर्यंत आणि डोळ्यांच्या आजारांपासून बाळाच्या संगोपनापर्यंत सगळ्या वैद्यकाचे आहेत. पोटाचे सात हजार नियम असं काही त्यात नाही. १३५ वर्षांच्या आयुष्याला कसलाही आधार नाही.

आता मुख्य मुद्दा, कारण बाकीचे बहुतेक इथूनच निघतात : ‘साठीनंतर अग्नी मंद होतो, म्हणून खाणं तोडा.’

मेसेजमध्ये पुरावा म्हणून ‘रोगाः सर्वेऽपि मन्देऽग्नौ’ ही ओळ दिली आहे. ओळ खरी आहे. ती अष्टांगहृदयाच्या निदानस्थानात, उदररोगाच्या अध्यायाच्या सुरुवातीला येते. पण ती मंदाग्नीबद्दल बोलते, म्हातारपणाबद्दल नाही. म्हातारपणाबद्दल त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात सांगितलंय : आयुष्याच्या सुरुवातीला कफ, मध्ये पित्त आणि शेवटी वात बळावतो. आणि तिथेच, लगोलग, हेही सांगितलंय की वाताने अग्नी विषम होतो, पित्ताने तीक्ष्ण आणि कफाने मंद. म्हणजे वय झालं की अग्नीची ओढ मंद होण्यापेक्षा विषम होण्याकडे असते. आज दोन पोळ्या सहज पचतात, उद्या अर्धी भाकरीही पोटात गुडगुड करते. कधी गच्च मलबद्धता, कधी अचानक पातळ. घरातल्या आजी-आजोबांकडे पाहा, हेच चित्र दिसेल.

हा फरक पुस्तकी नाही, कारण त्यावर उपचार ठरतो. सुश्रुतांनी आपल्या संहितेच्या सूत्रस्थानात तिन्हींची चिकित्सा वेगळी दिली आहे. मंद अग्नीला तिखट, कडू, तुरट. तीक्ष्ण अग्नीला गोड, स्निग्ध, थंड. आणि विषम अग्नीला स्निग्ध, आंबट, खारट. विषम अग्नी असलेल्या माणसाला मंदाग्नी समजून रूक्ष आणि उपाशी ठेवलं तर वात आणखी वाढतो, अग्नी आणखी विस्कटतो. मग तो माणूस म्हणतो, ‘पाहा, आता तर काहीच पचत नाही’, आणि उरलंसुरलंही सोडतो.

लंघन कोणाला आणि पोषण कोणाला, याचा स्वतंत्र अध्याय वाग्भटांनी लिहिला आहे, सूत्रस्थानातला चौदावा. त्यात ज्यांचं बृंहण करायचं, म्हणजे ज्यांना पोसायचं, त्यांच्या यादीत हे शब्द आहेत : ‘गर्भिणीसूतिकाबालवृद्धान् ग्रीष्मेऽपरानपि’. गरोदर स्त्री, बाळंतीण, लहान मूल आणि वृद्ध. आणि उन्हाळ्यात तर इतरांनाही. ज्या आचार्यांच्या नावावर म्हाताऱ्या माणसांना उपाशी ठेवलं जातंय, त्यांनी म्हाताऱ्यांना बाळंतिणीच्या पंक्तीला बसवलंय. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या वर असताना आमच्याकडे एखाद्या पंचाहत्तरीच्या आजी निर्जळी उपास करतात, तेव्हा ही ओळ मला फार आठवते.

आधुनिक वैद्यकही इथे वेगळं काही म्हणत नाही. वयानुसार स्नायू झिजतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं दिवसाला सांगितली आहेत. मूत्रपिंडं ठीक असलेल्या वृद्धांसाठी वार्धक्यतज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. एका जेवणात वरण-भात-भाजी खाऊन हा आकडा गाठणं जवळपास अशक्य आहे. आणि जे इन्सुलिनवर किंवा शुगरच्या काही विशिष्ट गोळ्यांवर आहेत, त्यांनी गोळी घेऊन रात्रीचं जेवण टाळलं तर मध्यरात्री साखर धोकादायक उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ, आणि बाथरूममध्ये पडणं.

मग जेवायचं कसं? थोडं, गरम, ओलसर, ठरलेल्या वेळी. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पातळ पदार्थांना आणि एक वायूसाठी मोकळा ठेवा, असं वाग्भट सांगतात. सकाळी ज्वारीच्या कण्या किंवा मऊ उपमा, दुपारी वरण-भात, भाजी, लहान पोळी, संध्याकाळी सातच्या आत मुगाची पातळ खिचडी वरून तूप घालून. दात नसतील तर भाजी जास्त शिजवा. चरकांच्या आहारविधीत उष्ण, स्निग्ध, मात्रेत, आधीचं पचल्यावर आणि मन लावून जेवा असं आहे. टीव्हीसमोर ताट घेऊन बसणाऱ्यांनी शेवटचं जरा लक्षात घ्यावं.

‘सकाळी गरम पाणी, लिंबू आणि मध.’ या एका सवयीने मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ती आयुर्वेदाचं प्रतीक बनून बसली आहे. मधाबद्दल अष्टांगहृदयात लिहिलंय : ‘उष्णमुष्णार्तमुष्णे च युक्तं चोष्णैर्निहन्ति तत्’. गरम केलेला मध, उन्हाने तापलेल्या माणसाने घेतलेला, उष्ण काळात घेतलेला आणि गरम पदार्थात मिसळलेला मध घात करतो. मे महिन्यात अंबाझरी तलावावरून फिरून घामाघूम परत येणाऱ्या आणि कढत पाण्यात मध ढवळणाऱ्या काकाजींनी यातली एकही गोष्ट सोडलेली नसते. वमन (औषधाने उलटी करवणं), बस्ती (औषधी एनिमा) अशा ठिकाणी उष्ण मध चालतो असे अपवाद ग्रंथात आहेत, पण रोजचा पेला त्यात बसत नाही. आधुनिक शास्त्राच्या मते कोमट पाण्यातला मध विष होत नाही, हे खरं. तरी ज्यांना तो आयुर्वेद म्हणून घ्यायचाय त्यांनी आयुर्वेद काय म्हणतो ते ऐकावं, आणि मधुमेह असेल तर मध ही साखरच आहे हेही ध्यानात ठेवावं. मध रूक्षही मानला आहे. वाताच्या वयात रोज तो कशासाठी? छातीत जळजळ असणाऱ्याने उपाशीपोटी लिंबू तर नकोच. साधं कोमट पाणी प्या, झालं.

पाण्याबद्दल मेसेज दोन टोकं एकदम सांगतो, आणि लोक गोंधळतात. ‘डॉक्टरसाहेब, आता पाणी पिऊ का नको पिऊ, एकदाचं सांगून द्या ना बाप्पा,’ असं एका काकूंनी मला अगदी काकुळतीने विचारलं होतं.

‘भोजनान्ते विष’ हे वचन वाग्भटांचं म्हणून फिरतं. तो श्लोक चाणक्यनीतीत आहे, आणि मेसेजवाल्याने त्याचा एक तुकडाच घेतलाय. पूर्ण श्लोक म्हणतो : अजीर्णात पाणी औषध, पचल्यावर पाणी बलदायक, ‘भोजने चामृतं वारि’, जेवताना पाणी अमृत, आणि जेवण संपल्यावर मात्र विषासारखं. म्हणजे जेवताना पाणी नको, हा मेसेजचा दावा त्याच श्लोकात खोटा ठरतो. वाग्भटांचं स्वतःचं मतही स्पष्ट आहे. जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो आणि आधी पिणारा कृश होतो. तेव्हा जेवताना घोटघोट पाणी प्या. वयामुळे लाळ कमी झालेली असते, घास गिळायला ते लागतंच. शेवटी गोळी घेताना दोन घोट गेले तर घाबरायचं कारण नाही.

आणि चार लिटर? वाग्भट म्हणतात, अग्नी दुबळा असलेल्याने पाणी बेतानेच प्यावं, आणि ‘ऋते शरन्निदाघाभ्यां’, म्हणजे शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू सोडले तर निरोगी माणसानेही कमीच प्यावं. हा अपवाद नागपूरकराने पाठ करावा असा आहे. जानेवारीत तहान नसताना बाटल्यांमागून बाटल्या संपवायची गरज नाही. एप्रिल-मे-जूनमध्ये मात्र तहान लागायची वाट पाहू नका, कारण म्हातारपणी तहानेची जाणीवच बोथट होते. हृदय दुबळं असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर पाण्याचं माप तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलं असतं. तिथे ना मेसेज, ना माझा लेख.

उन्हाळ्यासाठी वाग्भटांनी सांगितलेला एक पदार्थ आपल्या घरचाच आहे, साखर घातलेला सातू. पन्हं आणि बेलाचं सरबतही चांगलं. ताकाबद्दल मात्र सुश्रुत उष्णकाळी आणि दुर्बळाला ताक नको म्हणतात, आणि इकडे अख्खं नागपूर उन्हाळाभर मठ्ठा पितं. माझं मत असं : ताजं, गोडसर, भरपूर पाणी आणि जिरं घातलेलं ताक दुपारच्या जेवणासोबत ज्यांना सोसतं त्यांनी घ्यावं, आंबट, रात्रीचं, तहान म्हणून तीन-तीन पेले नको.

‘तूप-दूध बंद.’ तुपाचे गुण सांगताना वाग्भट बुद्धी, स्मृती, अग्नी, बल आणि आयुष्य यांच्यासोबत ‘बालवृद्ध’ हा शब्द वापरतात. चरकांच्या मते नेमाने दूध-तूप घेणं हे रसायनांमध्ये, म्हणजे शरीराला बळ देऊन म्हातारपण लांबवणाऱ्या उपायांमध्ये, श्रेष्ठ. हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉल असेल त्यांनी वाटीभर ओतू नये. दिवसाला दोन चमचे, डॉक्टरांच्या सल्ल्याने, एवढंच मी म्हणते. दुधाने पोट फुगत असेल तर सोडा, जबरदस्ती नाही. त्याच्या जागी जे सुचवलंय ते मात्र पाहा. मोड आलेलं धान्य, ‘विरूढक’, हे वाग्भटांनी नेहमी खाऊ नये अशा पदार्थांत घातलंय, उडीद आणि वाळवलेल्या भाज्यांच्या सोबत. मटकी आवडत असेल तर नीट शिजवून, थोडी खा. शिजवण्याला दुसरंही कारण आहे : कच्च्या मोडांत जंतू वाढतात, आणि उन्हाळ्यात ते वृद्धांना महागात पडतं.

फळं उपाशीपोटीच खा, हा मुद्दा मी फार ताणणार नाही. संत्रं दुपारी सालीतली पांढरी शीर ठेवून चावून खा, रस काढू नका, दुधासोबत नको.

रोजच्या चूर्णाचा दावा सगळ्यात घातक आहे. आतड्याला वर्षानुवर्षांचा मळ चिकटून राहत नाही. आतड्याच्या आतल्या थराच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि नव्या येतात. दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांना असले थर दिसत नाहीत. या चूर्णांत बहुधा सोनामुखी असते. ती रोज, महिनोन्‌महिने घेतली तर शरीरातलं पोटॅशियम उतरू शकतं, आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. हरडा सौम्य असला तरी चरकांनी अजीर्ण झालेल्यांना, रूक्ष खाणाऱ्यांना, खंगलेल्यांना आणि भूक, तहान, उष्णता यांनी पीडित असलेल्यांना तो देऊ नये असं म्हटलंय. मेसेज पाळून एक वेळ जेवणारा, तूप सोडलेला, मे महिन्यातला नागपूरकर अगदी याच यादीत येतो.

मलबद्धता खरी असेल तर आधी कारण शोधा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही बीपीची औषधं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, थायरॉईड, चालणं थांबणं, कमी खाणं. रात्री कोमट दुधात तूप, भिजवलेले काळे मनुके, जवसाची चटणी आणि सकाळची ठरलेली वेळ एवढ्याने पुष्कळांचं काम होतं. नाही झालं तर वैद्याकडे जा. वातासाठी मुख्य उपचार बस्ती आहे आणि ती घरी स्वतः घ्यायची गोष्ट नाही. साठीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, रक्त दिसलं, वजन उतरलं किंवा हिमोग्लोबिन घसरलं, तर चूर्ण बाजूला ठेवा आणि मेडिकल, मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या पोटाच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा. आतड्याचा कॅन्सर असाच सुरू होऊ शकतो, आणि चूर्णाने तो फक्त उशिरा कळतो.

बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्याही मेसेजवरून, कोणत्याही वैद्याच्या लेखावरून, या लेखावरूनही बंद करू नका. ज्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्या, चूर्णासकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा आणि कोणती कशासाठी आहे ते विचारा.