नित्याची गाडी, बापूंचं डिझेल आणि मधे आलेली कंपनीची बस

"किलोमीटरमागं अडीच रुपयं वाचत्यात म्हंजी वाचत्यात. त्यात चर्चा कसली करताय?" बापूंनी विषय सुरू व्हायच्या आतच निकाल देऊन टाकला.

नित्या दोन कोटेशनं घेऊन आला होता. गाडी एकच, व्हेरियंट एकच, एक पेट्रोल आणि एक डिझेल. एक्स-शोरूमला पेट्रोल आठ लाख, डिझेल नऊ लाख वीस हजार. घर साताऱ्यात, नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत, म्हणजे जाऊन-येऊन एकशेवीस किलोमीटर आणि मधे खंबाटकीचा घाट. गोलबागेजवळच्या आमच्या कट्ट्यावर शनिवारी संध्याकाळी कागद उघडला की त्याचं काय होतं हे त्याला माहीत आहे, तरी तो आणतो.

बापूंच्या तीन टुरिस्ट गाड्या आहेत, तिन्ही डिझेल. शिवाय २०१२ ची घरची स्विफ्ट, तीही डिझेल. पेट्रोल फक्त मोटारसायकलीत घालायचं असतं असं त्यांचं मत आहे आणि ते बदलेल अशी आशा आम्ही सोडलेली आहे.

जोश्या बँकेत आहे. त्याने आधी फरकच मोजायला घेतला. "एक लाख वीस हजार धरून बसू नका. आरटीओ कुठाय? आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. आठ लाखाचे ८८ हजार झाले, नऊ-वीसचे एक लाख एकोणीस हजार सहाशे. म्हणजे हे एकतीस हजार वरचे. दीड लाखाला दीड लाख."

"जीएसटी?" मी विचारलं.

"तिथे आता सारखंच. पूर्वी छोट्या पेट्रोलला २८ वर एक टक्का सेस होता, डिझेलला तीन. सप्टेंबर २०२५ पासून दोघांनाही १८. चार मीटरच्या आत, पेट्रोल बाराशे सीसीपर्यंत, डिझेल पंधराशेपर्यंत. आणि थर्ड पार्टी इन्शुरन्सला दोन्ही गाड्या हजार ते पंधराशे सीसीच्या एकाच गटात येतात. तिथेही फरक नाही."

मग चालवायचा खर्च. पेट्रोल हिशेबाला १०५ धरलं, डिझेल ९१. ॲव्हरेजवर पाच मिनिटं भांडण झालं, कारण बापू डिझेलला पंचवीसच्या खाली यायला तयार नव्हते. शेवटी पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला वीस यावर तोडगा निघाला. पेट्रोल सात रुपये किलोमीटर, डिझेल चार रुपये पंचावन्न पैसे. फरक दोन रुपये पंचेचाळीस.

"बगा!" बापू म्हणाले. "मी अडीच म्हटलं हुतं का नव्हतं? आन् ह्याचं रनिंग बगा. म्हैन्याला सव्वीसशे किलोमीटर तर नुसतं कंपनीचं. दोन वर्सात दीड लाख वसूल. फुडं सगळा फायदाच."

आकडे बापूंच्या बाजूने होते हे मान्य करावं लागलं. दीड लाख भागिले २.४५, म्हणजे एकसष्ट हजार किलोमीटर. महिन्याला सव्वीसशेने ते दोन वर्षांत पार पडतात. जोश्याने तरी एक काडी टाकलीच. म्हणाला, दीड लाख काही नित्या खिशातून देणार नाही, कर्जातच जाणार. नऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, हप्ता ३,११४ रुपयांनी वाढतो. त्यामुळे एकसष्ट हजारांचा तो एकरकमी आकडा विसरा, महिन्याचं बघा. महिन्याला साधारण १,२७० किलोमीटर पळाली तर डिझेलची बचत जास्तीच्या हप्त्याएवढी होते. त्याच्या खाली दर महिन्याला पदरचे घालायचे.

हा मला त्या संध्याकाळचा सगळ्यात कामाचा आकडा वाटला. 'किती वर्षांत वसूल' असं विचारलं की माणूस स्वतःला फसवतो, कारण पुढची वर्षं नेहमीच लांब आणि भरपूर किलोमीटरांची दिसतात. हप्ता मात्र पाच तारखेला येतो.

"आमच्या येळंला असलं काय नव्हतं," बापू म्हणाले. त्यांच्या वेळेला खरंच नव्हतं. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या आत होतं. पेट्रोलचे भाव सरकारने २०१० मध्येच मोकळे केले होते, डिझेलला मात्र टेकू चालू होता. तो निघाला ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात ज्याला त्याला डिझेल हवं होतं, आणि फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन रांजणगाव आणि मानेसरला बनून स्विफ्टपासून टाटाच्या व्हिस्टापर्यंत निम्म्या देशाच्या बॉनेटखाली गेलं होतं. तेव्हा डिझेल पेट्रोलच्या ५६ टक्के किमतीत मिळत होतं, आज आपल्याकडे ते ८७ टक्क्यांवर आलंय. बापूंचं गणित त्या काळी बरोबरच होतं. गणित तेच राहिलं, भाव बदलले.

"मग कंपन्यांनी डिझेल बंद का केली असती?" जोश्या म्हणाला. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले तशी डिझेलला रजा दिली. २०२३ मध्ये नियमांचा दुसरा टप्पा आला आणि होंडा बाहेर पडली, आय-ट्वेंटीचं डिझेलही गेलं. आज नव्या हॅचबॅकमध्ये डिझेल हवं तर अल्ट्रोझ एवढं एकच नाव उरतं. बाकी नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, थ्री-एक्स-ओ या उंच गाड्या.

"आरं पर घाटात?" बापूंनी शेवटी काळजातलं बाहेर काढलं. "पाच मान्सं, डिकी भरल्याली, एसी चालू, आन् यवतेश्वर चढायचाय. पेट्रोल दुसऱ्यावर बोंबलतंय. माजी तिसऱ्यावर गप चढती." यावर मात्र कोणी वाद घातला नाही. त्या अल्ट्रोझचंच बघा, डिझेलला २०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, आणि टर्बो नसलेल्या पेट्रोलला ११५ च्या आसपास. कासच्या रस्त्यावर ज्याने दोन्ही चालवल्या आहेत त्याला कागदावरच्या आकड्यांची गरज नाही. फक्त त्या सुखाला हप्त्यात कुठे बसवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग अण्णा आले. अण्णांचं गॅरेज आहे आणि ते चर्चेत उशिरा येतात, कारण शटर आठला पडतं. बाकावर टेकता टेकता त्यांनी नित्याला एकच विचारलं.

"एका स्टार्टला किती चालणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे चावी मारल्यापासून बंद करेपर्यंत. महिन्याचं नको सांगू."

डिझेलच्या सायलेन्सरच्या लाइनीत आता डीपीएफ असतो, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तो करतो काय, ते अण्णांनी सांगितलं. इंजिनाची काजळी तो धरून ठेवतो आणि भरत आला की जाळून टाकतो. जाळायला सहाशे अंशांच्या घरात उष्णता लागते. गाडी हायवेला पंधरा-वीस मिनिटं एका दमात पळाली की ते काम गुपचूप उरकतं, ड्रायव्हरला कळतही नाही. पण घर ते मंडई, मंडई ते शाळा, शाळा ते घर असं चाललं तर इंजिन धड तापायच्या आत बंद होतं. गाडी काजळी जाळायला सुरुवात करते, जास्तीचं डिझेल आत सोडते, आणि आपण चावी फिरवून मोकळे. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं.

"परवा एक जण आले," अण्णा म्हणाले. "डिपस्टिक काढून दाखवतायत, बघा अण्णा, माझी गाडी ऑइल खात नाही, उलट लेव्हल वाढलीय. मी म्हटलं, साहेब, ऑइल वाढत नसतं. ते डिझेल आहे."

सगळे हसले. बापू हसले नाहीत.

"माज्या स्विफ्टला एवढ्या वर्सात असलं काय झालं न्हाय."

"तिला डीपीएफ आहे कुठे, बापू?" अण्णा म्हणाले. "आणि तुमच्या टुरिस्टच्या गाड्या पुणे एअरपोर्टला जातात. त्यांचा डीपीएफ रोज धुऊन निघाल्यासारखा असतो. सव्वीसशे किलोमीटर खंबाटकी ओलांडून करणार असेल तर पोराने खुशाल डिझेल घ्यावी, माझी काही हरकत नाही. इंजेक्टर महाग, फिल्टर वेळेवर बदलायचा, भरवशाच्या पंपावरच टाकी भरायची, काही मॉडेलना धूर साफ करायला वरून युरियाही लागतो. पण पळती ठेवली तर गाडी त्रास देत नाही."

म्हणजे बापू जिंकले होते. चहाची दुसरी फेरी त्याच आनंदात आली.

पेट्रोलवाल्यांना तेवढ्यात आणखी एक टोला बसला तो इथेनॉलचा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणार हे सरकारनेही मान्य केलंय, गाडी कशी आहे त्यावर एक-दोन टक्क्यांपासून सहापर्यंत. डिझेलला ही भानगड नाही. जोश्या यावर काही म्हणणार तेवढ्यात बापूच म्हणाले, "इथेनॉलला नावं ठिवू नका. माजा ऊस जातोय त्यात." बापूंची तीन एकर लागण आहे. तत्त्व डिझेलचं आणि पोट पेट्रोलचं, अशी कोंडी मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि मग मी सहज विचारलं, "नित्या, तुझी कंपनीची बस बंद झाली का?"

नित्या चहात बघायला लागला.

बस चालू होती. पोवई नाक्यावरून सकाळी सुटते, एसी आहे, पगारातून किरकोळ कापतात. तो रोज त्यात झोपून जातो. गाडी घेतल्यावर रोज गाडीने जाणार का, तर 'कधी कधी, उशीर झाला तर.' म्हणजे महिन्याचे सव्वीसशे किलोमीटर आम्ही तासभर ज्या गाडीवर चढवत होतो, ती त्या वेळी दारात उभी असणार होती.

"उभी का राहील?" हा आवाज सुजाता वहिनींचा. त्या नित्याला न्यायला आल्या होत्या आणि आमच्यामागे किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "शाळेत मी नेणार आहे. पावसात स्कूटीवरून दोन पोरं घेऊन मी नाही जाणार यंदा."

शाळा किती लांब? चार किलोमीटर. जोश्याने पुन्हा मोबाइल काढला. शाळेचे महिन्याला दोनशेच्या आत, एखाद्या रविवारी वाई नाहीतर महाबळेश्वर, एखादी पुण्याची फेरी, सगळं मिळून साडेपाचशे. गुणिले २.४५, बचत १,३४७ रुपये. जास्तीचा हप्ता ३,११४.

अण्णांनी आकड्याकडे पाहिलंही नाही. "चार किलोमीटर," ते एवढंच म्हणाले. रुपयांचा हिशेब एक वेळ पुढेमागे सरकला असता. उद्या डिझेल स्वस्त झालं असतं, नाहीतर शोरूमवाल्याने सूट दिली असती. पण सकाळी थंड इंजिन, चार किलोमीटर, बंद, परत येताना पुन्हा तेच, हे डिझेलला कोणत्याच भावात परवडणारं नव्हतं.

बापू मागे हटणारे नव्हते. त्यांनी लगेच जुन्याचा मार्ग काढला. ओळखीचा एजंट आहे, दिल्लीकडच्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्या आणतो, पाणी भावाने मिळतात. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदीचा बडगा होता, म्हणून लोक विकत आले हे खरं. पण एमएच-११ ची पाटी लावायची तर इथला कर पुन्हा भरायचा, एनओसीच्या मागे फिरायचं, आणि हातात येते ती नोंदणीची पाचच वर्षं उरलेली गाडी. अण्णांनी तर मीटरवरच्या आकड्याबद्दल जे म्हटलं ते इथे लिहिता येत नाही. सीएनजीचाही विषय निघाला, पण 'पंपावरच्या रांगेत मी उभी राहणार नाही' या वहिनींच्या वाक्याने तो तिथेच मिटला.

"मग पेट्रोल," नित्या म्हणाला. आवाजात थोडी निराशा होती. त्याला मनातून डिझेलच हवी होती, हे मला वाटतं दोन्ही कोटेशनांच्या घड्या बघूनच कळत होतं. डिझेलचं पार मऊ पडलं होतं.

"वाचलेल्या दीड लाखात ऑटोमॅटिक येते का बघा," वहिनी म्हणाल्या.

बापूंनी कपाळाला हात लावला. अण्णा उठता उठता नित्याला म्हणाले, "कंपनीने बस बंद केली तर मात्र मला येऊन भेट."