मावशी, बेथलेहेममध्ये ख्रिस्ती आहेत

परवा रात्री अकराला वसईहून मावशीचा फॉरवर्ड आला, आणि पाठोपाठ प्रश्न, "हे खरं काय गं?" मावशी दर नाताळला अंगणात गोठा करते. पेंढा, मातीचे मेंढपाळ, कान तुटलेली एक गाय. ज्या मुलखाचा हा देखावा, तिथे आता सगळे मुसलमान, म्हणून ख्रिस्ती माणसानं पॅलेस्टाईनचा कळवळा दाखवणं म्हणजे स्वतःच्या धर्माशी गद्दारी, असं तिला कोणीतरी पढवतंय. डोकं सणकलं.

फॉरवर्डातला पहिला शोध: 'पॅलेस्टाईन हे नाव 1964 साली अराफतनं काढलं.' याफा शहरात 1911 साली 'फलस्तीन' नावाचं वर्तमानपत्र निघालं, पॅलेस्टिनी नेते यासर अराफत जन्माला यायच्या अठरा वर्षं आधी. काढणारे ईसा अल-ईसा आणि यूसुफ अल-ईसा, दोघे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती भाऊबंद. चर्चवर ग्रीक धर्मगुरूंचा वरचष्मा का, हे त्या पत्राचं सुरुवातीचं भांडण. झायनवादाला, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारायच्या चळवळीला, विरोध त्याच पानांवर. नावाचा मुद्दा इथेच संपला.

दुसरा मुद्दा: 'हा सगळा जिहाद आहे, ख्रिस्ती तिथे लढलेच नाहीत.' यावर मात्र मी थोडी थांबणार.

बेथलेहेमला खेटून बैत साहूर नावाचं गाव आहे, बहुसंख्य ख्रिस्ती. देवदूतानं मेंढपाळांना येशूजन्माची वार्ता दिली ते माळरान हेच, अशी तिथली श्रद्धा. म्हणजे मावशीच्या गोठ्यातले मेंढपाळ या गावचे. पहिल्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावात, 1988 साली, या गावानं ठरवलं की इस्रायली लष्करी राजवटीला कर द्यायचा नाही. आपल्याकडे बारडोली झाली तसंच. पुढच्या वर्षी सैन्यानं सुमारे सहा आठवडे गावाची नाकेबंदी केली आणि घराघरांत जप्ती सुरू झाली, टीव्ही, फ्रिज, फर्निचर, जे हाती लागेल ते. त्याआधी गावकऱ्यांनी इस्रायली दुधावर विसंबायला नको म्हणून अठरा गायी विकत घेतल्या होत्या. सैन्यानं त्या गायी सुरक्षेला धोका ठरवल्या आणि गावकरी त्या लपवत फिरले. होय, गायी. जिहाद म्हणे!

2009 साली पॅलेस्टिनी ख्रिस्ती पुढाऱ्यांनी 'कैरोस पॅलेस्टाईन' हे निवेदन काढलं. इस्रायलचा लष्करी ताबा हे देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध पाप आहे, असं त्यात सरळ म्हटलंय. गाझातल्या होली फॅमिली या कॅथलिक चर्चला पोप फ्रान्सिस युद्धाच्या काळात जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत, अगदी शेवटच्या आजारपणातही. ते कोणाशी बोलत होते, फॉरवर्डवाल्यांच्या मते?

एक गोष्ट खरी आहे, आणि ती नाकारून चालणार नाही. हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेची 1988 ची सनद धर्माच्याच भाषेत आहे, तिच्यात ज्यूंविषयी विखार आहे, आणि 7 ऑक्टोबर 2023 ला तिच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये नागरिकांची कत्तल झाली. पण म्हणून बैत साहूरच्या गायीही हमासच्या होतात काय?

तिसरा मुद्दा बायबलचा: 'उत्पत्ती 12:3 मध्ये इस्रायलला आशीर्वाद द्या असं लिहिलंय.' ते वचन अब्राहामाला दिलेलं आहे, 1948 साली स्थापन झालेल्या सरकारला नाही. आणि त्याच ओळीच्या शेवटी पृथ्वीवरची सगळी कुळं येतात. ओळ पूर्ण वाचा.

शेवटी गांधी. 'मुसलमानांना खूश करायला ते अरबांच्या बाजूनं बोलले.' खिलाफतीच्या दिवसांत, 1921 साली, त्यांनी मुस्लिमांच्या धार्मिक दाव्याचा आधार घेतला होता, हे कबूल. पण 1938 चा 'हरिजन'मधला लेख वेगळा आहे. तो लिहिला आपल्या वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात. त्यात सहानुभूती ज्यूंना आहेच, पण इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं, असा साधा हिशेब आहे. जर्मनीतल्या ज्यूंना त्याच लेखात दिलेला सत्याग्रहाचा सल्ला मला आजही पटत नाही. मात्र त्या हिशेबात खूश करणं कुठे दिसतं?

मावशीला एवढं सगळं पाठवलं नाही. फक्त बैत साहूरबद्दल दोन ओळी. सकाळी तिचा व्हॉइस मेसेज: "गायी सापडल्या का गं मग त्यांना?"